बशी रिकामी होईपर्यंत

सांगलीतल्या त्या हॉटेलाच्या दारात मोठा फलक होता: भूमध्य सागरी सप्ताह, एकच दर, बसाल तोवर छोट्या बशा मागवा. वाचून मला हसूच आलं. देव अशा वेषात मदतीला येईल असं वाटलं नव्हतं.

तीन वाजता कोर्टात आमच्या घटस्फोटाची शेवटची तारीख होती. शिवांजली इथंच माहेरी राहते, मी कराडहून आलो होतो. कोर्टाआधी एकदा सोबत जेवू, एवढंच मी मागितलं आणि ती हो म्हणाली. आजची तारीख हुकली की पुढची थेट दिवाळीनंतर. तेवढ्यात माणसाचं मन बदलतं, असं मी स्वतःला बजावत होतो.

शिवाय तिची सवय मला ठाऊक होती. समोरचा जेवत असताना ती पानावरून उठत नाही. माझे वडील, नाथाजी, एकेक घास चावत बसायचे. घरातले सगळे उठून गेले तरी ही नवी सून खरकटा हात वाळवत त्यांच्यासमोर बसून राहायची. म्हणजे मी खात राहिलो की ती बसणार. सोपं होतं.

मी मागवत सुटलो. हमस आलं, म्हणजे थंडगार पिठलं. फलाफल आलं, म्हणजे हरभऱ्याचे वडे. मग वांग्याचं भरीत आलं, त्यात मिरचीचा पत्ता नाही. एरवी एवढ्याशा बशा बघून मी मालकाशी भांडलो असतो. आज त्या संपूच नयेत असं वाटत होतं.

"तुमाला वांगं सोसत न्हाई," ती म्हणाली.

"आता सोसतं."

हिला अजून आठवतंय. बोलायचं तर खूप होतं. परत चल म्हणायचं होतं, तुझ्याशिवाय घर खायला उठतं हे सांगायचं होतं. पण बोलायला तोंड रिकामं हवं, आणि तोंड रिकामं झालं की ती उठणार. मी पुढचा वडा कोंबला.

तिनं तिची बशी कधीच संपवली होती. खरकटा हात वाळला होता. ती घड्याळाकडे बघत नव्हती, माझ्याकडेच बघत होती.

वेटरनं आणखी एक हमस ठेवलं. दोन घास गेले आणि तिसरा हातातच राहिला. कपाळावर घाम आला. पोटात तसूभर जागा उरली नव्हती.

"आवं, बास करा. आजारी पडाल."

"थोडंच राह्यलंय. खातो की."

तिनं हात पुढं केला आणि माझी उष्टी बशी स्वतःकडे ओढली. माझ्या हातातला रोटीचा अर्धा तुकडाही घेतला आणि त्या तुकड्यानं ती हमस निपटून खायला लागली. लग्न झाल्यावर ती असंच माझ्या ताटातलं उरलेलं खायची. आता ही येणार, मला खात्रीच वाटली. देवा, येणार ही.

सावकाश, मान खाली घालून तिनं बशी चाटूनपुसून स्वच्छ केली. मग डोळे पुसले.

"झालं," ती म्हणाली. "आता कुणी जेवत न्हाई."

आणि ती उठली.