काळुरामने रंगवलेला पंखा

धनेशला लग्न करायचं होतं नम्रताशी, पण पटवायचं होतं तिच्या बापाला. आणि काळुराम काही सहज पटणारा माणूस नव्हता. जोहे गावात गणपतीच्या मूर्ती करण्यात त्याचा जन्म गेला, मुलीसाठी मात्र त्याला कंपनीतलाच मुलगा हवा होता. बरं, धनेश होता की कंपनीतला. डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे फिटर होता, तिथेच ऑफिसात बसणाऱ्या नम्रताशी त्याचं जुळलं. सगळं जुळून आल्यावर या शहाण्याने नोकरी सोडली आणि रोह्याजवळच्या खाडीत पर्यटकांना फिरवायला एक जुनी स्पीडबोट घेतली. घरची मिठागरं, लहानपण खाडीत गेलेलं, त्याचं मन शिफ्टमध्ये रमणार कसं, असं नम्रताचं म्हणणं. काळुरामचं म्हणणं इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी इंदुबाईने, म्हणजे नम्रताच्या आईने, तोडगा काढला. दसरा झाला की नवराबायकोने जाऊन बोट बघायची, तीत बसायचं आणि मग काय तो होकार-नकार द्यायचा. बोट देखणी दिसावी म्हणून धनेशने तिच्या इंजिनचा पाण्यातला पंखा काढून त्यावरच्या शिंपल्या खरवडल्या आणि रंगासाठी थेट जोह्याला नेला. रंग रोह्यातही मिळाला असता, पण नम्रता रोह्यात नव्हती. बिनरंगाची वस्तू पाहिली की काळुरामचे हात शिवशिवतात. त्याने पंखा ठेवून घेतला आणि गणपतीच्या मुकुटाचा सोनेरी रंग चढवून दुसऱ्या दिवशी परत केला. निम्मं लग्न जमलं, असं धनेशला वाटलं.

ठरल्या दिवशी चौघं बोटीत बसले. धनेशने बोट हळूहळू खाडीच्या मध्यावर नेली. काळुराम ताठ बसून बाकड्याचे स्क्रू चाचपत होता.

"हीच का रं तुजी स्पीड?" इंदुबाईने विचारलं. "आमच्या गावची एस्टी बरी."

धनेशला तेवढंच पुरे होतं. त्याने लिव्हर पुढे रेटली. बोटीने नाक वर केलं, इंदुबाईने पदर सावरला, आणि तेवढ्यात इंजिन भलत्याच आवाजात किंचाळलं. नाक खाली आलं. इंजिन जोरात चालू, बोट मात्र जागच्या जागी.

धनेशने इंजिन बंद केलं. ओहोटी लागलेली होती, अजून थोड्या वेळाने दोन्ही बाजूंना नुसता चिखल उरला असता. त्या चिखलात सासरा रुतवून ठेवला तर लग्नाचं नाव काढायला नको.

"पेट्रोलात पानी असंल," काळुराम म्हणाला.

"पेट्रोलात पाणी असतं तर इंजिन अडखळलं असतं, काका. हे तर जास्तच पळतंय."

"मंग नजर लागली. कंपनी सोडली तवाच लागली."

धनेशने बोटीमागे टांगलेलं इंजिन तिरकं वर उचललं, पंखा पाण्याबाहेर आला. जाळं नाही, दोरी नाही, प्लास्टिक नाही. पाती धड होती, सोनेरी रंग उन्हात चकाकत होता. गिअर टाकून त्याने हाताने पंखा फिरवून पाहिला, तो फिरेना. म्हणजे गिअरही धरतोय. मग ताकद जाते कुठे? कंपनीत पंप बिघडला की तो हेच करायचा, चांगलं काय आहे ते एकेक करून बाजूला काढायचं. आता उरलं होतं फक्त पंख्याच्या पोटातलं रबर. मधली पितळी नळी इंजिनच्या दांड्यावर बसते, नळीभोवती रबर आणि रबरावर पंखा. रबर निसटलं, तर दांडा आत फिरत राहतो आणि पंख्याला पत्ताच नसतो.

"नम्रता, नेलपॉलिश हाय?"

तिने पर्समधून लाल बाटली काढली. धनेशने तिचा ब्रश स्क्रूड्रायव्हरसारखा मुठीत धरला. ते बघून काळुरामला राहवेना.

"आन हिकडं. काय काढायचाय?"

"नळीपासून पंख्याच्या कडेपर्यंत एक सरळ रेघ."

गणपतीचे डोळे रेखणारा हात तो. श्वास रोखून काळुरामने मागे वाकून अशी रेघ ओढली की धनेशलाही दाद द्यावीशी वाटली. रेघ सुकल्यावर धनेशने पंखा पाण्यात सोडला, इंजिन चालू केलं, एकदा लिव्हर पुढे रेटली, पुन्हा तीच किंचाळी. इंजिन बंद करून त्याने पंखा वर काढला.

रेघ तुटली होती. नळीवरचा तुकडा एका बाजूला, पंख्यावरचा पार दुसऱ्या बाजूला.

"रबर सुटलंय," धनेश म्हणाला. "काका, रंग सुकवला कसा होता?"

काळुरामने बाटलीचं झाकण लावायला घेतलं. इंदुबाई बोलली. "कसा म्हंजे? हवा दमट, रंग वालंना. मंग यांनी मूर्ती सुकवायला लावतात तो हॅलोजनचा दिवा लावला पंख्याला, रातभर. चुलीवर ठेवल्यावानी तापलेला रं."

खोटं बोलायला ही वेळ फार सोयीची होती. रबर जुनं होतं एवढं म्हटलं की काम भागलं असतं, आणि धनेशच्या जिभेवर ते आलंही होतं.

"मंग माज्यामुलं झाला म्हनतोस?" काळुरामने विचारलं.

नम्रता धनेशकडे बघत होती. "व्हय, काका," तो म्हणाला. "गरम होऊन रबराने पकड सोडली. चूक माझी बी हाय, मी न विचारता तसाच बसवला."

काळुरामने तोंड फिरवलं. हळू नेलं तर रबर थोडंफार धरत होतं, म्हणून धनेशने बोट मुंगीच्या पावलांनी धक्क्याकडे वळवली. धनेशला स्वतःचाच राग आला. एवढं खरं बोलायची काय गरज होती? आज नसतं बोललं तर कुणाचं काय अडलं असतं? नम्रतासुद्धा पाण्याकडे बघत बसली होती, आणि तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

धक्क्यावर सखा आपली होडी धूत होता. या खाडीत कुणाचं काय बिघडलं ते सखाला कळल्याशिवाय राहत नाही.

"काय झाला रं, धनेश? बैलगाडीसारखा आलास तो?"

धनेशच्या आधी काळुरामच उठून उभा राहिला.

"काय नाय," तो म्हणाला. "आमच्या जावयाच्या पंख्याचा रबर तकलादू निघाला. हल्ली माल चांगला येतच नाय."

खरं काय ते सांगायला धनेशने तोंड उघडलं, आणि नम्रताने त्याच्या पायावर पाय दिला.