डावी बाजू

टेबलावर आडवं होण्याआधी जुईने एकदा मागे वळून पाहिलं.

"आई, तू बाहेर बस ना. पाच मिनिटांचं काम आहे."

"बाहेर कशाला? मी काय परकी आहे?" विजयाने पर्स मांडीवर घेतली आणि भिंतीजवळच्या स्टुलावर बसकण मारली.

टी. टी. नगरातल्या या सोनोग्राफी सेंटरमध्ये नंबर लावायला ती सकाळीच येऊन गेली होती. जुई जर्मनीहून सुट्टीत घरी आली, ती दोन वर्षांनी. आल्या आल्या पाळी सुरू झाली आणि पोरगी गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. विजयाने ते पाहिलं आणि त्याच संध्याकाळी डॉक्टर ठरवली. तिकडे म्हणे साध्या तपासणीची वेळ मिळायलाही आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं. इथे दुसऱ्या दिवशी काम होतं. जुई आधी नको नको म्हणत राहिली. मग एकदम कबूल झाली, पण एकटी जाईन म्हणाली. विजयाने ते मनावरच घेतलं नाही.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी जुईच्या पोटावर जेल ओतलं.

"दर्द कब से है?"

"इसको तो शुरू से ही तकलीफ है," विजया म्हणाली. "मेरा भी ऐसा ही था."

डॉक्टरबाईंचा हात पोटावरून फिरत होता. पडद्यावर राखाडी ढगांसारखं काहीतरी हलत होतं. विजयाला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी ती मान पुढे करून पाहत होती. हात उजवीकडे थांबला, डावीकडे गेला, तिथे जरा दाबून फिरला, पुन्हा फिरला.

"लेफ्ट ओवरी कब निकली?"

क्षणभर विजयाला वाटलं, बाई दुसऱ्याच कुणाशी तरी बोलतायत.

"नहीं नहीं मॅडम. इसका कोई ऑपरेशन नहीं हुआ."

डॉक्टरबाईंनी जुईकडे पाहिलं. जुई छताकडे पाहत होती.

"पिछले नवंबर में," ती म्हणाली. "डर्मॉइड सिस्ट थी. बडी थी. बचा नहीं पाए."

डॉक्टरबाईंनी कागदी रुमाल जुईच्या हातात दिला आणि समजुतीच्या स्वरात म्हणाल्या, "राइट वाली बिलकुल ठीक है. चिंता की बात नहीं." हे त्या कुणाला उद्देशून म्हणाल्या, ते विजयाला कळलं नाही.

रिक्षा मिळाली. बाग सेवनिया म्हणून सांगितलं आणि दोघी दोन कडांना बसल्या. रिक्षावाल्याला मराठी समजणार नव्हतं, तरीही विजया बोर्ड ऑफिसचा चौक येईपर्यंत थांबली. चौकात रिक्षा थांबली तेव्हा विजया म्हणाली,

"बाबांना सांगू नकोस."

जुईने मान वळवली.

"कुणालाच सांगायचं नाही. नागपूरच्या नातेवाइकांना तर अजिबात नाही. उद्या लग्नाचं बघायला लागलो की लोक नको नको ते विचारतात. आपण आपल्या तोंडाने कशाला..."

बोलता बोलता तिचं तिलाच ऐकू आलं. दुखलं का गं, हे अजून तिने विचारलं नव्हतं.

"हो," जुई म्हणाली. "तू हेच म्हणशील असं वाटलं होतं मला."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर विजयाला उलट बोलता आलं असतं.

सिग्नल सुटला. आणि तेव्हा विजयाला नोव्हेंबरातला जुईचा तो फोन आठवला. ती मटार सोलत बसली होती. जुईने मधेच विचारलं होतं, आई, तुझी पिशवी काढली तेव्हा रात्री कोण होतं गं तुझ्याजवळ? विजयाला केवढा हुरूप आला होता सांगायला! कमलिनी आत्या कशी खुर्चीतच झोपायची, सासूबाई कशा मऊ भात डब्यात बांधून द्यायच्या, शेजारच्या खाटेवरची बाई कशी घोरायची. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली होती, आज कशी काय आठवण झाली तुला? जुई म्हणाली होती, सहज.

"त्या फोनच्या वेळी..."

"दुसऱ्या दिवशी सकाळी होतं ऑपरेशन."

"मग तुझ्याजवळ रात्री कोण होतं?"

"तिथे रात्री कुणाला थांबू देत नाहीत, आई. बेल दाबली की नर्स येते."

"आणि औषधं कोण आणायचं?"

"तेच देतात. सगळं तेच करतात. चांगले असतात."

"सही कुणी केली?"

"मी."

विजयाने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"घरी कशी आलीस?"

"आयगुल आली होती न्यायला. वर्गातली. कझाकस्तानची आहे. सोबत कुणी असल्याशिवाय सोडतच नव्हते. तिने बॅग उचलली, ट्राममध्ये बसवलं. मग माझ्याच खोलीत राहिली, खाली अंथरूण घालून." जुई आता रस्त्याकडे पाहत होती. "शुद्धीवर आल्यावर डॉक्टर सांगायला आला. मला वाटलं, माझं जर्मन कच्चं आहे, म्हणून मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, परत सांगा. तर त्याने परत तेच सांगितलं. जरा सावकाश."

विजयाने हात पुढे केला. मधे फायलीचा लिफाफा होता. हात त्या लिफाफ्यावरच राहिला.

घरी मनोहरांनी कुकर लावला होता आणि ताटं घेतली होती. बांधकाम खात्यातून निवृत्त झाल्यापासून दुपारचा कुकर त्यांच्याकडे होता. मंजुरीला आलेला नकाशा पाहावा तशा बारकाईने ते शिट्ट्या मोजत. दार वाजलं तसे ते हात पुसत बाहेर आले.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"काही नाही," विजया म्हणाली. चपला काढताना ती वाकलेलीच राहिली, म्हणून तोंड दिसत नव्हतं. "सगळं नॉर्मल आहे. थोडी उष्णता आहे म्हणाल्या. ताक पी, पाणी पी."

मनोहरांनी तिच्या डोक्यावरून पलीकडे जुईकडे पाहिलं.

"आणि उजवी?" त्यांनी विचारलं. "उजवी ठीक आहे ना, बेटा?"

चपलेचा पट्टा विजयाच्या हातातच राहिला.

जुईने मान हलवली. मनोहरांनी सोडलेला श्वास विजयाला खालूनही ऐकू आला. मग आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या लक्षात आलं, आणि ते टॉवेलला हात पुसू लागले, हात कोरडे होते तरी.

विजया उभी राहिली.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"आधीपासून."

"म्हणजे ऑपरेशनच्या आधीपासून?"

"गाठ आहे असं कळलं, तेव्हापासून." ते टॉवेलशी बोलल्यासारखे बोलत होते. "मी सकाळी दूध आणायला जायचो तेव्हा बोलायचो. तिच्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटलेली असायची. झोप यायची नाही तिला."

"आणि मला कुणी..."

"मी नको म्हटलं होतं त्यांना," जुई म्हणाली. "बाबा सारखे म्हणायचे, आईला सांग. मीच नको म्हणायचे."

विजयाकडे बोलायला पुष्कळ होतं. एकाच छताखाली राहून, एकाच ताटवाट्यांत जेवून, माझ्या समोर बसून. शब्द सगळे तयार होते, एकामागून एक. तिने मनोहरांकडे पाहिलं. हा माणूस साधा ताप आला तरी घर डोक्यावर घेतो, आणि एवढे महिने ही गोष्ट पोटात घेऊन तो तिच्या शेजारी झोपला होता. तो घाबरला असेल तेव्हा त्याच्याजवळ तरी कोण होतं?

आतून कुकरची वाफ उतरल्याचा आवाज आला. कुणी उठलं नाही.

विजया पाय ओढत टेबलापर्यंत गेली आणि बसली. जेवायच्या वेळी ती अशी आधी कधी बसत नसे.

"जुई, इथे बस," ती म्हणाली. "आणि तुम्ही कुठे निघालात? तुम्हीही बसा."

दोघं बसले. ताटं रिकामीच होती.

"सांग मला."

"काय सांगू?"

"सगळं. पहिल्यांदा दुखलं, तिथपासून."

जुईने बाबांकडे पाहिलं, मग आईकडे. बराच वेळ ती ताटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"लायब्ररीत होते मी," ती म्हणाली. "खुर्चीवरून उठायला गेले, तर उठताच येईना. वाटलं, कालचं काही खाल्लेलं बाधलं असेल..."

विजयाच्या ओठांपर्यंत काहीतरी आलं. तिने ते मागे घेतलं. पदराखाली तिचा हात कधी स्वतःच्या पोटावर, डाव्या बाजूला गेला, ते तिला कळलं नाही. जुई सांगत राहिली.