गरम वारं

सुहासने पडद्यावरची एक खिडकी बंद केली, तर तिच्यामागे दुसरी निघाली, दुसरीच्या मागे तिसरी. सगळीकडे बैलगाडा शर्यतीचे व्हिडिओ चालू, आवाज मात्र बंद. बैल मुकाट धावत होते आणि टेबलाखाली सीपीयूचा पंखा घोंघावत होता.

"आबा, पुन्हा तुम्हीच लावलंत ना हे?"

"चुकून लागलं असंल," दारात बसलेले धोंडिबा म्हणाले.

"सात-आठ व्हिडिओ चुकून लागतात?"

वडील बाहेरच्या धुक्याकडे बघत राहिले. सुहासच्या डोक्यात तिडीक गेली. तो बंगल्यांचे नकाशे काढायचा. कुरवंड्याच्या या घरात दिवसभर त्याचा कॉम्प्युटर चालू असायचा आणि काम असो-नसो, पंखा डोकं उठवायचा. शेवटी पंधरवड्यापूर्वी त्याला शोध लागला, की काम नसताना प्रोसेसरला आपोआप वेग कमी करायला लावता येतं. तेवढी सेटिंग बदलली आणि पंखा गप्प झाला. त्या दिवशी त्याने घरातल्या एकेकाला बोलावून ती शांतता ऐकवली होती. आणि आता तो जेवायला उठला रे उठला, की आबा शर्यती लावून मोकळे!

त्यात आईचं वेगळंच. आक्काबाईंचं कानातलं मशीन गेल्या आठवड्यापासून बंद होतं. दुकानदार म्हणाला, ओल धरलीय, कोरडं ठेवत जा. इथे पावसाळ्यात काडीपेटीतली काडी धड पेटत नाही, मशीन कोरडं ठेवायचं कुठे? 'चहा दे' सांगायलाही ओरडावं लागे आणि ओरडलं की त्या दुखावत. गेल्या रविवारी लेकीचा, राजेश्वरीचा फोन आला, तर त्यांनी तो कानाला लावून नुसती मान हलवली.

सुहासने कॉम्प्युटरला पासवर्ड घातला.

"आता लावून दाखवा," तो म्हणाला.

रविवारी राजेश्वरीचा फोन आला. आक्काबाईंनी या वेळी तो कानाला लावलाच नाही, सरळ सुनेच्या हातात दिला.

"तूच बोल तिच्याशी," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

सुहासला ते बघवेना. तो उगाच टेबलाखाली वाकून वायरी नीट करू लागला. सीपीयूच्या मागे, पंख्याच्या जाळीसमोर, त्याच्या हाताला स्टीलची उघडी डबी लागली. आत कापसावर आईचं मशीन होतं.

"हे इथे कोणी ठेवलं?"

"मीच," धोंडिबा म्हणाले. "गेल्या पावसाळ्यापासनं ठिवतोय, ती दुपारची आडवी झाली की. तितनं गरम वारं यायचं. तू पंखा गप्प केलास तवापासनं शर्यती लावल्या तरच येतं."

"मग सांगायचं ना, आबा!" सुहास खेकसला.

"सांगणार हुतो. पर घर शांत झालं म्हणून तू लय खूश हुतास."

सुहासला स्वतःचीच लाज वाटली. त्याने पासवर्ड काढला, ती सेटिंगही काढून टाकली आणि कॉम्प्युटरला एका बंगल्याचं सगळ्यात जड चित्र बनवायला लावलं. पंखा घोंघावू लागला. डबी त्याने जाळीजवळ सरकवली.

दोन दिवसांनी आक्काबाई कपाळाला आठ्या घालून खोलीत आल्या.

"किती आवाज करतंय रं ते तुझं! कान किटलं माझं. बंद कर की."

"राहू दे," तो तोंडातल्या तोंडात पुटपुटला.

"का म्हणून राहू दे?" आक्काबाईंनी विचारलं.