राहुकाळ संपल्यावर या

दोन हजार बावीस सालची ही गोष्ट. त्या वर्षी कावेरी दोन्ही काठ धरून वाहत होती, आणि कुंभकोणमच्या मेलकावेरी भागातल्या एका फाटकावर मी पुन्हा एकदा टांगली गेले होते.

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. तुम्ही शाळेत नेता ती नव्हे. 'वरचा मजला भाड्याने देणे आहे' असे सांगणारी, फाटकावरची लाकडी पाटी. माझ्यावर हे वाक्य दोनदा लिहिले आहे, वर ठळक तमिळ अक्षरांत आणि खाली बारीक मराठीत. ती मराठी ओळ आमच्या गल्लीत घरच्या माणसांशिवाय कोणालाही वाचता येत नाही.

मागच्या अंगणातला फणस एका वादळात उन्मळून पडला, त्याच्या लाकडाची मी. चांगल्या फळ्यांची दारे झाली. उरलेला एक तुकडा पट्टीश्वरमच्या सुताराने रंधून दिला आणि घरमालक पांडुरंगराव यांनी त्यावर रंगाने अक्षरे काढली. ते शाळेत चित्रकला शिकवत. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरांपैकी त्यांचे एक घर. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकले की तमिळ. मराठी ओळ लिहिताना त्यांच्या पत्नी अंबुजाबाई हसल्या होत्या. "कोण वाचणार हें?"

"एखादा आपला माणूस वाट चुकून आला तर?" पांडुरंगराव म्हणाले.

तसा कोणी कधी आला नाही. पण ओळ राहिली.

माझ्या तरुणपणी लोक पायांनी येत. आधी मला वाचत, मग खोकत, मग फाटकाबाहेरच्या ओट्यावर, म्हणजे तिण्णैवर बसत. आतून पाण्याचा तांब्या येई. पाणी पिऊन झाल्यावर घराची गोष्ट निघे. विड्याच्या पानांचे व्यापारी आले, एक वीणा शिकवणाऱ्या बाई आल्या, बँकेतले कारकून आले. कोणी जाताना मला हात लावून म्हणत, "काय सुंदर अक्षर आहे!" तेव्हा माझा रंग ताजा होता.

सगळेच शहाणे नसत हेही सांगते. एकाला दारातला कडुनिंब नको होता, कावळे बसतात म्हणून. एकाला वरच्या मजल्यावर वासरू पाळायचे होते. "लहान आहे हो, जिना चढेल," तो म्हणाला. एका गृहस्थाला घर पसंत पडले, फक्त मालकांनी हिंगाची फोडणी देणे बंद करावे अशी त्याची अट होती.

अशा माणसाला पांडुरंगराव कधी 'नाही' म्हणत नसत. ते आभाळाकडे बघत आणि म्हणत, "आत्ता राहुकाळ आहे. संपल्यावर या."

"अहो, आज बुधवार! राहुकाळ बारानंतर!"

"आमच्या गल्लीला थोडा लवकर लागतो."

कुंभकोणममध्ये कुठल्या वारी राहुकाळ कधी असतो हे लहान मुलालाही पाठ असते. त्या वेळात कोणी शुभ बोलणे करत नाही. त्यामुळे भलत्या वेळी राहुकाळ सांगितला की समोरचा काय ते समजे. वासराचा मालक तर जाताना इतका हसला की जिन्याला टेकून उभा राहिला. कोणाचा अपमान नाही, कोणाशी भांडण नाही, आणि परत कोणी येत नसे.

पुढे पांडुरंगराव गेले. मुलगा विश्वेश नोकरीसाठी बंगळुरूला गेला. अंबुजाबाई खाली एकट्या राहिल्या आणि वरचा मजला रिकामा झाला. विश्वेश म्हणाला, "अम्मा, पाटी आतां कोण वाचतो?" त्याने घराचे फोटो मोबाइलवर टाकले आणि मला तांदळाच्या पिंपामागे ठेवले. तिथे मी वर्षभर होते. माझ्यावर कोळ्याने जाळे विणले, त्याचे मला काही वाटले नाही. वाईट वाटे ते फोनचे. तो त्याच पिंपावर ठेवलेला असे, आणि अंबुजाबाई निरोप मोठ्याने वाचत.

'शेवटचा भाव बोला.' नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही.

'आमच्या सासूबाईंना जिना चढवत नाही. तुम्ही वर राहा, आम्ही खाली राहतो.'

'तुमची जात कोणती? आधी ते कळवा.'

एकदा त्यांनी पांडुरंगरावांचा उपाय करून पाहिला. 'राहुकाळ संपल्यावर या' असे लिहून पाठवले. उत्तर म्हणून एक अंगठा आला.

आणि एके दुपारी निरोप आला, 'घराचा फोटो पाहिला. आता तुमचा पाठवा.' सत्तरी ओलांडलेली बाई ती. तिने तो निरोप पुरा वाचलाही नाही. फोन पालथा घातला, त्यावर सूप झाकले आणि विहिरीवर जाऊन हात धुतले.

संध्याकाळी विश्वेशचा फोन आला. "अम्मा, दिवाळीपर्यंत वर कोणी आलें नाहीं तर मी येऊन तुला घेऊन जाणार. घराला कुलूप. तुला तेथें एकटीला ठेवून मला झोंप येत नाहीं."

"मी तेथें येऊन काय करूं रे? तुझ्या दाराबाहेर लिफ्ट आहे. तिला मी 'या, बसा' म्हणूं?"

तो हसला, पण त्याने बोलणे मागे घेतले नाही. दुसऱ्या दिवशी अंबुजाबाईंनी मला पिंपामागून काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि फाटकावर टांगले. "घर ज्याला पाहिजे तो पायांनी येईल," त्या मला म्हणाल्या. म्हणजे स्वतःशीच. पण मी ऐकले.

मित्रांनो, आता त्या शुक्रवारचे सांगते. सकाळचे अकरा वाजून गेले होते. एक तिशीची बाई आली. खांद्याला पिशवी, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांत जागरण. तिने मला सावकाश वाचले. तिचे नाव शिवरंजनी, गाव तिरुनागेश्वरम्, काम इथल्या एका खाजगी दवाखान्यात नर्सचे. गावाहून रोज येणे-जाणे जमत नव्हते. मुलीची शाळाही इथेच होती.

समोरच्या घरातले कृष्णमूर्ति कुंपणाशी येऊन उभे होते. ते पोस्टातून निवृत्त झाले होते, पण गल्लीतल्या बातम्या वाटण्याचे काम त्यांनी सोडले नव्हते. त्यांनी अंबुजाबाईंना हाताने जवळ बोलावले. "मामी, रात्रपाळीची बाई आहे. दवाखान्यात बघितलंय मी तिला. नवरा काही कुठे दिसत नाही. सांभाळून हं."

अंबुजाबाई परत आल्या त्या वेगळ्याच आवाजात बोलल्या. "एकटीच का?"

"मी आणि मुलगी, मामी."

"आणि मुलीचे वडील?"

 शिवरंजनी माझ्याकडे बघू लागली, जणू उत्तर माझ्यावर लिहिले असावे. मला तेव्हा वाटले, आपल्याला अक्षरांऐवजी तोंड असते तर बरे झाले असते.

अंबुजाबाईंनी आभाळाकडे पाहिले. "आत्ता राहुकाळ आहे. संपल्यावर या."

पण त्या दिवशी शुक्रवार होता आणि खरोखरच राहुकाळ चालू होता! शिवरंजनीचा चेहरा एकदम उजळला. "बरं झालं सांगितलंत, मामी. माझ्या लक्षातच नव्हतं. आम्ही राहूच्या देवळाच्या गावची माणसं. या वेळेत घराचं बोलणं केलं असतं तर आईनं मला उभं केलं नसतं. संपेपर्यंत बसते मी इथे." आणि ती तिण्णैवर बसली.

अंबुजाबाई दारात खिळल्यासारख्या झाल्या. इतक्या वर्षांत त्या वाक्याने पुष्कळ माणसे घालवली होती. ते ऐकून बसणारे माणूस पहिल्यांदाच भेटले होते.

तेवढ्यात एक गाडी थांबली. उतरलेल्या गृहस्थाचे नाव रविशंकर. ते रस्त्यांची कंत्राटे घेत. विश्वेशशी त्यांचे फोनवर आधीच बोलणे झाले होते, आणि सकाळीच त्याने आईला सांगितले होते, "चांगला माणूस आहे, अम्मा. त्याला दे, मग मी तुला चल म्हणणार नाहीं." त्यांनी मला वाचले नाही. गाडीच्या किल्लीने माझ्यावर टकटक केली.

"मामी, एकट्याच ना तुम्ही?"

"हो."

"आजारपण वगैरे? नाही, उद्या काही झालं तर आमची धावपळ नको. आणि खालचा हॉल आम्हाला लागेल. एका जिवाला जागा लागते केवढी? तुमचे दिवस राहिलेत किती? नंतर विश्वेश घर विकणारच. तेव्हा मीच घेईन." हे सगळे त्यांनी हसत, अगदी घरच्यासारखे सांगितले.

अंबुजाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पदर सारखा केला. "आत्ता राहुकाळ आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"मी असलं काही मानत नाही. उघडा." त्यांनी कडीवर हात टाकला, मी खिळ्यावर तिरकी झाले.

तिण्णैवरून आवाज आला. "सार, आधी मी आले आहे. राहुकाळ संपला की माझी पाळी."

"तू कोण?"

"घर बघायला आलेली."

"ही घरं कुटुंबाला देतात. पाटी वाचलीस का?"

"वाचली. तुम्ही वाचलीत का, सार? 'वरचा मजला' लिहिलंय. हॉल कुठे लिहिलाय?"

समोरच्या कुंपणाआड कृष्णमूर्तींना हसू आवरले नाही आणि त्यांना ठसका लागला. रविशंकरांनी त्यांच्याकडे रागाने बघितले, मग अंबुजाबाईंकडे. "सांगा मामी, तिला जायला सांगा."

अंबुजाबाईंनी फाटकाचा गज धरला. 'हो' म्हटले तर घर राहणार होते, घरातली त्यांची जागा मात्र नाही. 'नाही' म्हटले तर दिवाळीला कुलूप.

"सार," त्या म्हणाल्या, "तुम्हाला घर द्यायचं नाही."

त्या फाटकावर 'नाही' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तो काही मोठ्याने उच्चारलेला नव्हता.

रविशंकरांनी तिथेच उभे राहून विश्वेशला फोन लावला, तक्रार केली आणि गाडी वळवून निघून गेले. मग अंबुजाबाईंचा फोन वाजला. त्या बाहेर येऊन तिण्णैच्या कडेला बसल्या. बोलणे मराठीत होते, शेजारच्या शिवरंजनीला त्यातले काही कळत नव्हते.

"होय, मीच नको म्हटलें… ऐक रे. त्यानें मला विचारलें, एकट्याच कां? मला तें किती लागलें तें मीच जाणें. आणि तेंच मी घटकेपूर्वीं एका पोरीला विचारलें. तिला कसें जालें असेल तें मला तेव्हां कळलें नाहीं… तूं दिवाळीला ये. कुलूप घेऊन ये पाहिजे तर. पण वरचा मजला मी हिला देणार."

फोन ठेवून त्यांनी फाटक सताड उघडले. "ये गं आत."

शिवरंजनीने भिंतीवरच्या सावलीकडे पाहिले. "अजून थोडा राहिलाय, मामी."

अंबुजाबाई आत गेल्या, दोन पेल्यांत ताक घेऊन आल्या आणि तिच्याशेजारी बसल्या. राहुकाळ सरेपर्यंत दोघी बसून होत्या. मुलगी काय खाते, शाळा कुठली, रात्रपाळीहून आल्यावर झोप लागते का, असे बोलणे झाले. वडिलांविषयी त्यांनी पुन्हा विचारले नाही. पुढे कितीतरी महिन्यांनी शिवरंजनीनेच आपणहून सांगितले, पण ते तिचे आहे, मी ते तुम्हाला सांगणार नाही.

दिवाळीला विश्वेश खरेच आला. आईचे सामान नेण्यासाठी त्याने रिकामी पेटी आणली होती. वरच्या जिन्यावर एक छोटी मुलगी चकलीसारखा मुरुक्कू खात बसली होती, तिने त्याला विचारले, "तुम्ही कोण? कोणाला भेटायचंय?" आपल्याच घरी त्याला उत्तर द्यावे लागले. आईला रात्री ताप आला तर वर नर्स आहे, हे त्याच्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही. जाताना त्याची पेटी लोणच्याच्या बरण्यांनी भरलेली होती.

त्यानंतर कोणाचे काय झाले तेही सांगते. रविशंकरांना गावात दुसरीकडे घर मिळाले, हॉलसकट. मालक त्यांच्यासारखेच आहेत आणि दोघांचे उत्तम जमते असे ऐकते. कृष्णमूर्तींना रक्तदाबाचा त्रास सुरू झाला. मग ते कुंपणावरून रोज शिवरंजनीला विचारू लागले, "आज रात्रपाळी आहे का, अम्मा? नसेल तर जरा बघून जा." शिवरंजनी बघून जाई. गेल्या वर्षी तिला त्रिचीला सरकारी नोकरी मिळाली. मुलगी सुट्टीत इथेच येते, आणि तंजावरी मराठीत अंबुजाबाईंशी भांडते. विश्वेश रोज संध्याकाळी फोन करतो. अंबुजाबाईंना आता कमी ऐकू येते, त्या फाटकाशी आलेल्याला आधी पाणी देतात, आणि मग दोनच गोष्टी विचारतात, माणसे किती आणि कधी येणार. राहुकाळ त्या अजूनही सांगतात, पण फक्त तो असतो तेव्हाच.

मित्रांनो, तुम्ही मोठे झालात की कधी घर मागायला जाल, कधी कोणी तुमच्याकडे मागायला येईल. फाटकाच्या दोन्ही बाजूंना माणूसच असते. समोरच्याला विचारण्याआधी तो प्रश्न स्वतःला एकदा विचारून बघा. सहन झाला तरच पुढे करा. आणि ज्याला द्यायचे नाही त्याला नीट 'नाही' सांगा. जिथे तुम्ही राहता ती जागा कोणाच्या तरी जिवाची असते, तिला जपा.

शिवरंजनीच्या जागी मागच्या महिन्यात नादस्वर वाजवणारे एक जोडपे आले. त्यांचा रियाज सुरू झाला त्या सकाळी अंबुजाबाईंनी मला खिळ्यावरून काढले आणि आत नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवले. इतर पाट्यांना आपल्याला कोणी वाचावे असे वाटत असेल. मला तोंड भिंतीकडे असलेलेच बरे वाटते. घर भरलेले आहे, याची खूण आहे ती.