तेजाची पुडी

आधाराच्या काठ्या टाकल्या जात होत्या. गोदामाच्या फरशीवर एकेक काठी खाडकन आदळली की गर्दी टाळ्या पिटायची. मंचावर पुडीबाबा माइक गिळायला निघाल्यासारखा तोंडाशी धरून गर्जत होते, "गोळी सोडा, सुई सोडा, एका पुडीत दुखणं मोडा!"

पहिल्या रांगेत माझी थोरली बहीण. कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणं करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली, आणि संधिवातानं बोटं अशी आखडली की कात्री धरवेना. पुडी सुरू केली आणि आठवड्याभरात ती मूठ वळून दाखवू लागली. पुढे चेहरा गोल, लालसर, तुकतुकीत झाला.

"बघ, तेज चढलंय," ती म्हणायची.

मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. बंद पडलेलं काही आपोआप सुरू झालं की मला आनंदाऐवजी धास्ती वाटते.

"ताई, पुडीत असतं काय?"

"श्रद्धा."

"मग श्रद्धा कडू कशी लागते गं?"

ती फणकाऱ्यानं निघून गेली.

वर्ष उलटलं. बाबांचं फर्मान आलं : ताई पूर्ण बरी झाली, आता पुडी बंद, पुढच्या सभेत तिनं साक्ष द्यायची. ताईनं आनंदानं पुडी थांबवली. दोन-तीन दिवसांत उलट्या सुरू झाल्या, उभं राहवेना, अंग गार पडलं.

"बाबांचा कोप," शेजारीण माझ्याकडे बघत म्हणाली. "घरातल्यानंच संशय घेतला ना!"

मी ताईला उचललं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी रक्तदाब पाहिला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी ताईला निरखलं : गोल चेहरा, हातावरची कागदासारखी कातडी, तिच्यावरचे काळेनिळे डाग.

"स्टेरॉइड कधी थांबवलं?"

"स्टेरॉइड नाही हो, नुसती पुडी—"

"तीच. कधी थांबवली?"

उत्तर ऐकताऐकताच त्यांनी इंजेक्शन भरलं, सलाइन लावलं. मी दाराशी उभा, बहिणीच्या छातीची हालचाल बघत. संध्याकाळी तिनं डोळे उघडले. "भूक लागलीय रे."

"डॉक्टर, कसला मंत्र मारलात?"

"त्यांच्याच पुडीतला," त्या म्हणाल्या. "आपलं शरीर रोज थोडं स्टेरॉइड स्वतःच बनवतं. बाहेरून आयतं मिळत राहिलं की ते बनवणाऱ्या ग्रंथी झोपी जातात. एकदम बंद केलंत तर बाहेरचंही नाही, आतलंही नाही. माणूस कोसळतो."

माझं डोकं भणाणलं. "आत्ता जातो! सगळ्यांना पुड्या गटारात फेकायला लावतो!"

त्यांनी माझं मनगट पकडलं. "मग ती माणसं अशीच इथे येतील. काही पोचणारही नाहीत."

मी वेडाच्या भरात केवढा अनर्थ करणार होतो!

ताईकडे उरलेली पुडी आम्ही तपासायला पाठवली. प्रयोगशाळेनं तिच्यात स्टेरॉइड सापडल्याचं कळवलं. पोलिसांना खबर देऊन आम्ही गोदामात गेलो. डॉक्टरबाईंनी ते भर सभेत सांगितलं. एक म्हातारा थुंकला, त्यानं पुडी भिरकावली. बाबांचं डोकं चटकन चाललं. "संशयी जीवांनो, पुड्या परत करा! आत्ताच्या आत्ता!" पुरावा नाहीसा करायला सेवक टोपल्या घेऊन धावले, आणि संतापलेले लोक पुड्या फेकू लागले.

"फेकू नका!" डॉक्टरबाईंचा आवाज फाटला. कोणी ऐकेना.

तेव्हा माझ्या आधारानं उभी असलेली ताई मंचावर चढली. बाबांच्या हातातला माइक तिनं ओढला.

"मी एकदम थांबवली आणि मरता मरता वाचले," ती म्हणाली. "पुडी खिशात ठेवा आणि या बाईंकडे चला. आजच."

टोपल्यांपुढचे हात थांबले. दवाखान्याबाहेर रांग लागली. बाबा मागच्या दारानं निसटत होते. तिथे पोलीस उभेच होते.

ताईच्या स्टेरॉइडच्या गोळीची मात्रा डॉक्टरबाई अजून जराजरा करत उतरवताहेत. जोडीला संधिवाताचं रीतसर औषध आहे. मात्रा उतरली की काही दिवस सांधे ठणकतात, ताई रडते, मलाच शिव्या घालते. चेहऱ्यावरचं 'तेज' ओसरतंय. बोटं पूर्ण सरळ होतील असं कोणी वचन दिलेलं नाही, आणि म्हणूनच तिचा या उपचारावर विश्वास बसलाय.

स्टेरॉइड वाईट नाही. त्यानंच तिला वाचवलं. वाईट होतं ते लपवणं. तेव्हा चमत्काराला नमस्कार करायचाच तर दुरून करा, आणि आधी विचारा : यात घातलंय काय? उत्तर मिळालं नाही तर तोंडात घालू नका. आणि घेत असाल, तर भीतीनं किंवा रागानं एकदम थांबवू नका. डॉक्टर गाठा.