मीटरच्या पेटीतले हडकुळे

सत्तावीस वर्षं लोकांच्या भिंतींवरच्या पेट्या उघडून आत डोकावल्यावर माणसाला दोन गोष्टी पक्क्या जमतात: मान वाकडी करून आकडे वाचणं आणि नाकात धूळ जाऊनही न शिंकणं. रीडिंगकाकांना दोन्ही छान जमायचं. विजेची मीटरं वाचायला येतात म्हणून अख्खं गाव त्यांना रीडिंगकाका म्हणायचं. त्यांचं खरं नाव ऑफिसच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच सुखात होतं.

अंगाने काका म्हणजे नुसती काठी. काकू घरी शिवणकाम करायच्या, त्यामुळे माणसांची मापं त्यांना तोंडपाठ. नवऱ्याची कंबर लग्नापासून एक इंचही वाढली नाही, हे त्यांचं जुनं दुखणं होतं. "मी काय उपाशी ठेवते का यांना?" असं त्या गिऱ्हाइकांनाच विचारायच्या, आणि जेवायला बसलं की काकांना न विचारता त्यांच्या पानात भाताचा आणखी एक डाव वाढायच्या. काका मुकाट्याने खायचे. अंगी काही लागायचं नाही.

कोळ्यांकडे काकांचं कधी लक्ष गेलं नव्हतं. पेटीत कोळी दिसला की रुमालाने बाजूला करायचा आणि आकडा वाचायचा, संपलं. पण गेल्या वर्षी ऑफिसच्या फळ्यावर एक कागद लागला. राजधानीतलं संग्रहालय देशभरातल्या थुंकणाऱ्या कोळ्यांची पाहणी करत होतं. हा कोळी जाळ्यात बसून वाट बघत नाही, भक्ष्यावर चिकट धागा थुंकून त्याला जागच्या जागी खिळवतो, घरांच्या कोपऱ्यांत आणि बंद पेट्यांत राहतो, असं त्यावर लिहिलं होतं. शेजारी एका गुबगुबीत कोळ्याचं चित्र होतं आणि खाली देशाचा नकाशा. जिथे कोळी सापडून त्याची जात पक्की झाली, तिथे त्या जातीच्या रंगाचा ठिपका.

काकांच्या गावावर ठिपका नव्हता. शेजारच्या गावावर दोन होते.

शेजारच्या गावात काकांचा मेव्हणा राहायचा. हे दोन ठिपके जणू त्यानेच घातलेत अशा थाटात तो त्याच संध्याकाळी फोनवर बोलला. "तुमच्याकडे कोळीसुद्धा राहायला तयार नाहीत वाटतं, भाऊजी." काका फोनवर हसले, पण ते त्यांना लागलं. सत्तावीस वर्षांत गावातली प्रत्येक पेटी त्यांनी उघडली होती. गावात काय आहे आणि काय नाही, हे दुसरा कोण सांगणार?

त्यांनी संग्रहालयाला पत्र टाकलं. उलट टपाली छोट्या बाटल्या, स्पिरिट, एक मऊ कुंचला आणि सूचना आल्या. कोळी कुंचल्याने अलगद बाटलीत ढकलावा. सोबत चिठ्ठी टाकावी, तीही पेन्सिलीने लिहिलेली, कारण स्पिरिटमध्ये शाई उतरते. चिठ्ठीवर जागा आणि तारीख हवीच. त्याशिवाय कोळी कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाही.

पहिल्या आठवड्यातच काकांना तो भेटला. फिकट अंगावर काळे ठिपके, पाठीला उंचवटा, सहा डोळे दोन-दोनच्या जोड्यांनी, आणि चाल अशी की आधीच्या पावलाचा विचार करून मगच पुढचं टाकावं. समोर एक माशी बसली होती. कोळी थांबला, जरासा थरथरला, आणि माशी दोन्ही बाजूंनी नागमोडी धाग्यांनी भिंतीला टाचली गेली. त्या पेटीच्या वरच पाटी होती, "येथे थुंकू नये". काका एकटेच जिन्यात खोखो हसले. घरी येऊन त्यांनी तो प्रसंग काकूंना पाण्याचा घोट तोंडात घेऊन करून दाखवला. काकूंनी फडकं हातात दिलं आणि फरशी त्यांच्याकडूनच पुसून घेतली.

यानंतर काकांनी वर्षभरात अकरा बाटल्या पाठवल्या, आणि अकराही वेळा एकच उत्तर आलं. संग्रहालयात कोळी तपासणाऱ्या बाईंचं, म्हणजे काकांच्या भाषेत कोळीबाईंचं, अक्षर बारीक आणि बोलणं मोजकं होतं: "वाढ पूर्ण झालेली नाही. जात सांगता येत नाही. कृपया प्रौढ पाठवा." कोळ्याची जात कळते ती पूर्ण वाढलेल्या नराच्या किंवा मादीच्या अवयवांवरून, पोरासोरांवरून नाही. काकूंनी ती अकरा कार्डं शिलाई मशीनवरच्या भिंतीला टाचून ठेवली. नापास मुलाची प्रगतिपुस्तकं असावीत तशी ती दिसायची.

काकांची निवडण्याची पद्धत अशी होती. मोठी, फुगलेली मादी दिसली की ती अंडी तोंडात धरून फिरणारी बाळंतीण, नाहीतर लवकरच होणारी. तिला स्पिरिटमध्ये बुडवायचा त्यांना धीर व्हायचा नाही. बारीक, लांब पायांचे, पोट खपाटीला गेलेले दिसले की ते आजारी. संग्रहालयात काय आजारी माल पाठवायचा? पाहुण्यांपुढे ठेवताना आपण किडकं फळ बाजूला काढतोच. राहिले मधले, गोल, टवटवीत. तेच ते पाठवत होते.

बरं, आजारी हडकुळे ते सोडून देत होते असंही नाही. त्यांना ते घरी आणायचे. काकूंच्या गुंड्यांच्या काचेच्या बरण्या होत्या, त्यातल्या सहा त्यांनी रिकाम्या केल्या, तोंडाला मलमलीचे तुकडे बांधले आणि एकेका बरणीत एकेक हडकुळा ठेवला. बरणीवर पेटीचा क्रमांक, खिडकीत केळ्याची साल, सालीवर चिलटं, आणि रोज सकाळी प्रत्येक बरणीत दोन-दोन चिलटं.

"घरात आधीच एक होता अंगी न लागणारा," काकू म्हणाल्या. "आता सात झाले."

"महिनाभरात बघ कसे अंग धरतात."

महिने गेले. एकानेही अंग धरलं नाही. पण काकू मशीन चालवता चालवता त्यांच्याशी बोलायला लागल्या होत्या.

मग ऑफिसातून पत्र आलं: आपला आकडा आपणच कळवणारी नवी मीटरं बसणार, आणि पुढच्या महिन्यापासून काकांनी तक्रारखिडकीत बसायचं. त्याच महिनाअखेरीला संग्रहालयाची पाहणीही संपत होती. काकांना खिडकीचं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की यानंतर गावातल्या पेट्या कोणी उघडणारच नाही, आणि नकाशा छापला जाईल तो गावाच्या जागी कोरा. त्यांनी कोळीबाईंना तसं कळवून टाकलं. चार दिवसांनी बाराव्या वेळी कार्ड आलं: "एका गावात इतकी पोरं, तर आईबापही असणारच. शेवटच्या फेरीला मी येते. चारची परतीची बस आहे."

कोळीबाई उतरल्या त्या पाठीला मोठी पिशवी, पायांत मळके बूट आणि तोंडभर हसू घेऊन. कार्डांवरून काकांनी कोणी करड्या चेहऱ्याची बाई धरली होती. ही तर त्यांच्या पुतणीच्या वयाची निघाली.

"काका, आज आपण मोठी माणसं शोधायची," ती म्हणाली.

"गावात काय वाट्टेल ते मिळेल, मॅडम," काका म्हणाले. "माझ्या शब्दावर चला."

पहिली पेटी उघडली. आत कोळी नव्हता. जाळंही नव्हतं, धूळही नव्हती. मीटरची काच लख्ख चमकत होती. दुसरी पेटी तशीच. तिसरीत तर कोणीतरी खाली स्वच्छ कागद अंथरला होता. सहाव्या पेटीशी काकांना उलगडा झाला: संग्रहालयातून बाई पेट्या बघायला येणार, हे ते आठवडाभर स्वतःच गावभर सांगत फिरले होते. आणि गावाने पाहुणीसाठी झाडून पुसून सगळं लख्ख केलं होतं.

शेवटची आशा एकतीस नंबरची पेटी होती. त्या इमारतीत शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या, सगळ्या गावाच्या हेडबाई. तिथे हमखास चार-पाच कोळी असायचे. हेडबाई जिन्यात कोरडा ब्रश हातात घेऊन उभ्याच होत्या.

"या, या. दोन दिवस लागले मला," त्या कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाल्या. "एक जळमट सापडलं तर सांगा."

"नाही सापडणार," काका म्हणाले, आणि पायरीवर बसले.

कोळीबाईने पेटीत भिंग घालून पाहिलं, मागे पाहिलं, पाइपात पाहिलं. मग हेडबाईंना सांगितलं की इतकी स्वच्छ पेटी तिने देशात कुठेही पाहिलेली नाही, आणि ते अगदी खरं होतं. हेडबाई खूश होऊन सरबत करायला आत गेल्या. कोळीबाई काकांशेजारी पायरीवर बसली.

"माझंच चुकलं," काका म्हणाले. "तोंड आवरलं नाही. वर्षभर तुम्हाला पोरं पाठवली आणि आज तीही नाहीत."

"असू द्या. मला मादी मिळाली नसती तरी चाललं असतं. एखादा नर पुरला असता."

"नर ओळखायचा कसा? कागदावर तर एकच चित्र होतं."

"ते मादीचं. नर अगदी वेगळा. बारीक, पाय लांबच लांब, पोट आत गेलेलं. त्याला बघून वाटावं, कित्येक दिवसांचा उपाशी आहे. तोंडापाशी दोन आखूड हात, त्यांच्या टोकाला छोट्या गाठी. त्या गाठींवरूनच जात कळते."

हेडबाईंनी सरबताचा पेला हातात दिला तो काकांनी तसाच पायरीवर ठेवला.

"आणि खायला घातलं तर?" त्यांनी विचारलं. "अंग धरतो?"

"छे. तो पूर्ण वाढलेला असतो. तेवढाच राहायचा."

काका ताडकन उठले. "मॅडम, घरी चला. आत्ता. सरबत मागाहून."

बस सुटायला पाऊण तास होता. काका पुढे आणि पिशवी हिंदकळवत कोळीबाई मागे, अशी ती दोघं भर रस्त्यातून निघाली. वाटेत काका धापा टाकत सांगत होते आणि बाईचं हसू आवरत नव्हतं. "सहा? तुम्ही सहा नर घरात पाळलेत? आणि मला पोरं पाठवत होतात?"

"मला वाटलं आजारी आहेत."

काकू एका झग्याला पट्टी लावत होत्या. कोळीबाई सरळ खिडकीशी गेली आणि बरण्यांना भिंग लावत चालली. पहिली, दुसरी, तिसरी. प्रत्येक बरणीशी ती नुसती मान हलवत होती. सहाव्या बरणीनंतर तिने वळून पाहिलं. "सगळे नर. सगळे प्रौढ. काका, यातला एक मला न्यावा लागेल. स्पिरिटमध्ये."

काकूंनी मशीन थांबवलं. "स्पिरिटमध्ये कशाला? वर्ष झालं मी त्यांना चारते आहे."

काका एकदा बरणीकडे, एकदा बायकोकडे बघत राहिले. ठिपका हवा होता. किती हवा होता ते त्यांचं त्यांनाच माहीत. पण आता कोणती बरणी उचलून द्यायची, हे त्यांच्या तोंडून निघेना.

"एक आहे," काकू जरा वेळाने म्हणाल्या. त्यांनी मशीनचा खण उघडला, दोऱ्याच्या रिळांमागून एक छोटी बाटली काढली आणि नवऱ्याकडे न बघता कोळीबाईच्या हातात दिली. "मागच्या महिन्यात गेला तो. आपला आपण गेला. यांना मी सांगितलं की पळाला. जेवले नसते दोन दिवस. बरणी रिकामी दिसली तशी यांनी दुसरा आणून ठेवला."

बाटलीत स्पिरिट होतं आणि स्पिरिटमध्ये एक हडकुळा, पाय आवळून. सोबत चिठ्ठी होती, काकूंच्या अक्षरात, पेन्सिलीने: पेटी क्रमांक एकतीस, हेडबाईंचा जिना, आणला ती तारीख, गेला ती तारीख. त्याखाली, "रोज दोन चिलटं खायचा."

कोळीबाईने ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग पिशवीतून छोटं सूक्ष्मदर्शक काढून शिवणाच्या टेबलावर कापडं बाजूला सारून ठेवलं, आणि डोळा लावला. बराच वेळ ती हलली नाही. एक पुस्तक काढलं, चाळलं, परत डोळा लावला.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"शेजारच्या गावात आहे ती जात ही नव्हे," ती हळू आवाजात म्हणाली. "माझ्या यादीतली कुठलीच नव्हे. जाऊन ताडून बघावं लागेल." आणि मग तिने काकूंना मिठीच मारली. काकूंच्या हातात कात्री होती, ती त्यांनी कशीबशी लांब धरली. चारची बस बाईला धावत गाठावी लागली.

दीड महिन्याने एका शनिवारी दुपारी, पानं वाढलेली असताना, मोठं पाकीट आलं. काकूंनी हात पुसून ते फोडलं. नकाशा छापून आला होता. त्यांच्या गावावर एकच ठिपका होता, हिरवा, आणि सगळ्या नकाशात हिरवा ठिपका दुसरा कुठेही नव्हता. काकांनी तो बोटाने झाकून पाहिला आणि बोट काढून पुन्हा पाहिला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यांना काही गरज वाटली नाही.

"मेव्हण्याला फोन लावतो," ते म्हणाले.

"आधी जेवा. थांबा, खाली बारीक अक्षरात लिहिलंय." काकू वाचू लागल्या. "देशात प्रथमच नोंद. पेटी क्रमांक एकतीस. शोधणारे, रीडिंगकाका. सांभाळणाऱ्या, काकू." त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "नर. बारीक अंगाचा. निरोगी, पूर्ण वाढलेला."

त्यांनी कागद खाली ठेवला आणि समोर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. खांदे पाहिले, मनगटं पाहिली, तीस वर्षं न वाढलेली कंबर पाहिली. भाताचा जादा डाव सवयीने त्यांच्या हातात आलाच होता. तो त्यांनी सावकाश परत पातेल्यात ठेवला.

काका थोडा वेळ वाट बघत बसले. मग त्यांनी आपणहून ताट पुढे केलं. "वाढ की," ते म्हणाले. "अंगी लागायला नको. नुसतंच वाढ."