सोललेली झाडं

नळाला गढूळ पाणी आलं म्हणून मी वर रानात गेले. डिसेंबरचे दिवस, ढग झाडांत उतरलेले. आमच्या सान ग्रेगोर्योच्या डोंगरावर हे नेहमीचंच. झऱ्याच्या तोंडाशी पाला अडकला असेल, हाताने काढू आणि परत येऊ, एवढंच डोक्यात होतं.

पाहते तर झाडं सोललेली. माझा हात पोचेल तिथपासून पार फांद्यांपर्यंत. वीतभर जाड शेवाळ खरवडून नेलेलं आणि खाली उघडं खोड, कोंबडीची पिसं उपटावी तसं. ढगांचं पाणी धरून ठेवायला शेवाळ उरलं नव्हतं, ते सगळीकडून ठिबकत होतं आणि माती घेऊन थेट झऱ्यात चाललं होतं.

चिखलात ढगफुलं पडली होती. पांढरी, मधे पिवळा ठिपका. परके लोक त्यांना ऑर्किड समजतात. ऑर्किड नाहीत ती. ओल्या शेवाळात त्यांच्या केसासारख्या मुळ्या पसरतात आणि त्यांना खसखशीएवढ्या पिशव्या असतात. पाण्यातला बारीक जीव जवळून गेला की पिशवी त्याला आत ओढून घेते आणि पचवते. शहरातून आलेल्या एका बाईंनी हे बाबांना भिंगातून दाखवलं, तेव्हा बाबा दोन दिवस हसत होते. "आपल्या झाडावर शिकारी बसलाय, आणि त्याला बंदूकसुद्धा लागत नाही!" मरताना त्यांनी हे रान आम्हा दोघा भावंडांच्या नावे केलं, ते न तोडण्याच्या अटीवर.

एकाही झाडाला कुऱ्हाड लागली नव्हती. अट अगदी शब्दाला धरून पाळली होती. हे डोकं कुणाचं, ते मी ओळखलं.

माझ्या धाकट्या भावाच्या, ओल्मेदोच्या अंगणात तो आणि त्याची बायको मारुहा पोती शिवत बसली होती.

"ये ताई, मोरोचो घे गरम गरम," मारुहा मक्याच्या खिरीचा पेला पुढे करत म्हणाली.

"काय आहे पोत्यांत?"

"शेवाळ," ओल्मेदो म्हणाला. "नाताळच्या देखाव्याला लागतं. शहरात प्रत्येक घरी येशूच्या जन्माचा गोठा मांडतात, डोंगर करतात. एक ट्रक गेलासुद्धा. झाड एक नाही तोडलं हं, बाबांची शपथ."

"बाबांचं नाव घेऊ नकोस."

"अगं, झाडावरचं गवत ते! परत येईल."

"कधी? ते तुझ्या जन्माआधीचं होतं, गाढवा!"

"ताई, चिडलीस की तू अगदी टर्कीसारखी दिसतेस," असं म्हणून तो हसला.

उरलेली पोती कुठे आहेत विचारलं, तर म्हणाला, "दोन आपल्या देवळात दिली. फुकट!"

देवळात बायका देखावा मांडत होत्या. मेंढ्या, गाढव, मातीची मारिया, आणि त्यांच्या पायाखाली आमचं रान. एका मेंढीच्या तोंडाशी ढगफूल खोचलेलं. मी सरळ जाऊन शेवाळ ओढायला लागले. मेंढ्या गडगडल्या, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांपैकी एकाचं मुंडकं तुटलं.

"देल्फिना!" पाद्री बेनिग्नो धावत आले. "बाळ येशूचा बिछाना आहे हा!"

"तुमचा येशू गवतावर निजला, असं तुम्हीच दर वर्षी सांगता. मग त्याच्या अंगाखाली माझा झरा कुणी घातला? उद्या तीर्थाला पाणी कुठून आणणार, फादर?"

"हिला वेड लागलंय," कुणीतरी म्हणालं. म्हातारी त्रान्सितो तेवढी उठली. तिने मेंढीच्या तोंडचं फूल काढलं आणि शेवाळ पोत्यात भरायला लागली.

ती पोती मी खेचरावर घालून वर नेली. जुन्या चादरींच्या पट्ट्या फाडल्या आणि शेवाळ खोडांना बांधत सुटले, जखम बांधावी तसं. दुसऱ्या दिवशी ओल्मेदो आला. मला वाटलं, मदतीला आलाय.

"ताई, ती पोती दे. व्यापारी खोळंबलाय."

मी त्याच्या थोबाडीत मारली. हात शेवाळाने ओला होता, आवाज मोठा झाला. बाबांनी त्याला कधी बोट लावलं नव्हतं. तो गाल धरून डोंगर उतरून गेला. मला वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

बांधलेलं बहुतेक शेवाळ वाळून गळून पडलं. झऱ्याजवळच्या सावलीत थोडं धरलं आणि पावसाळ्यात तिथे ढगफुलाची एकदोन पानं दिसली. फूल नाही आलं. नळाचं पाणी उन्हाळ्यात करंगळीएवढं झालं. बादल्या घेऊन रांगेत उभं राहिल्यावर गावाला माझं वेड समजलं.

मग सभा झाली. रानातून शेवाळ काढायचं नाही, असं ठरवायला हात वर करायचे होते. ओल्मेदोनेही केला, खाली बघत. बाहेर पडताना पाद्री म्हणाले, "आता तरी भावाशी बोल, मुली."

"झाडं पुन्हा हिरवी होऊ देत. मग बघू."

ओल्मेदो मागेच होता. "ताई, तोवर मी म्हातारा होईन गं."

"मग हो म्हातारा," मी म्हटलं आणि चालू लागले.